पाखरांचं पाणी रोज बदला, भांडं रोज घासा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या सर्व पक्षीप्रेमी बंधू-भगिनींनो,

फाल्गुन सरत आला की आपल्याकडे गच्चीवर, गॅलरीत, शाळेच्या आवारात, गावच्या पारावर पाखरांसाठी पाण्याची परळं दिसू लागतात. २० मार्चच्या जागतिक चिमणी दिनाने या कामाला चांगलाच जोर आला आहे. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून हा दिवस पाळला जाऊ लागला. आज गावोगावची तरुण मंडळं, महिला बचत गट, पतसंस्था त्या दिवशी मातीची भांडी वाटतात. माण-खटावात, जत-आटपाडीत चैत्रातच विहिरी तळ गाठतात. तिथे तर असं एक परळ म्हणजे त्या परिसरातल्या पाखरांचा जीव असतो. हे काम थांबवा असं कोणीही म्हणणार नाही.

आमचं मागणं एवढंच आहे की ते भांडं रोज घासा. रोज घासणं होणार नसेल, तर भांडं ठेवू नका.

हे बोल कठोर वाटतील, पण त्यामागे कारण आहे. आठ-आठ दिवस तेच पाणी, तळाला शेवाळ, कडेला विष्ठा आणि त्यात भिजलेले दाणे, अशा भांड्यातून पाखरांचा एक जीवघेणा रोग पसरतो. ट्रायकोमोनोसिस हे त्याचं नाव. कबुतरं पाळणारे त्याला कँकर म्हणतात. ट्रायकोमोनास गॅलिनी या डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय परजीवीमुळे तो होतो. इटलीत १८७८ सालीच या जीवाचं वर्णन झालं होतं. जगभरच्या पारव्यांत आणि होल्यांत तो सर्रास आढळतो, आणि भारतातही पशुवैद्यकांनी कबुतरांत त्याची नोंद केलेली आहे. कुठे साथ आली आहे अशी घाबरवणारी बातमी द्यायला आम्ही हे लिहीत नाही. साथ यायला जी परिस्थिती लागते, ती आपण आपल्याच हातांनी, चांगल्या भावनेने, हजारो गच्च्यांवर मांडून ठेवत आहोत. ती वेळेत मोडावी म्हणून ही हाक आहे.

आजारी पाखरू ओळखता आलं पाहिजे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. आजारी होला पिसं फुलवून, मान आत ओढून कठड्याच्या कडेला बसलेला असतो. माणूस हातभर अंतरावर गेला तरी तो उडत नाही. दाणे टाकले की जवळ येतो, एक दाणा चोचीत धरतो, मान पुढेमागे करून गिळू पाहतो, पण दाणा आत जात नाही. चोचीतून तो खाली पडतो आणि होला पुन्हा तोच उचलतो. चोचीच्या कडा ओल्या असतात, गळ्याखालची पिसं लाळेने चिकटून झुपक्यांसारखी झालेली असतात. कधी एका बाजूचा गळा सुजलेला दिसतो. पशुवैद्यक चोच उघडून पाहतात तेव्हा घशात फाटलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा पिवळसर थर साचलेला दिसतो. हा थर वाढत वाढत अन्नाची वाट बुजवतो, कधी श्वासाचीही. समोर दाण्यांची रास असते आणि पाखरू उपाशी मरतं.

आता तो पडलेला दाणा पाहा. त्याला लाळ लागलेली आहे आणि लाळेत परजीवी आहेत. पाच मिनिटांनी चिमण्यांचा थवा उतरतो आणि त्यातली एक चिमणी तोच दाणा टिपते. आजारी होला मग पाण्याकडे वळतो. पारवे आणि होले यांची पाणी पिण्याची तऱ्हा इतर बहुतेक पक्ष्यांपेक्षा वेगळी आहे. चिमणी, बुलबुल, साळुंकी घोट घेऊन मान वर करतात, तर पारवा चोच पाण्यात बुडवून ठेवतो आणि एका दमात पाणी ओढतो. तोंडातलं सगळं त्या पाण्यात उतरतं. पिल्लांना भरवताना तर पारवे-होले अन्नपिशवीतलं दुधासारखं द्रव्य थेट पिल्लाच्या घशात ओततात. त्यामुळे आई-बापाकडून पिल्लाकडे हा परजीवी जन्मानंतर लगेच पोचतो. जोडी जमताना चोचीत चोच घालण्याची त्यांची रीतही त्याच्या पथ्यावर पडते. पुष्कळसे पारवे आयुष्यभर हा जीव घशात बाळगून धडधाकट फिरतात. स्वतः आजारी न पडता ते दुसऱ्यांना मात्र रोग देतात. म्हणून आपल्या गच्चीवरचे पारवे ठणठणीत दिसतात एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

या परजीवीचं एक मर्म मात्र आपल्या हाती आहे. वाळलं की तो मरतो. पक्ष्याच्या अंगाबाहेर त्याला ओल लागते. स्वच्छ पाण्यात तो फार वेळ तग धरत नाही, पण विष्ठा, शेवाळ, कुजलेले दाणे मिसळलेल्या गढूळ पाण्यात बराच जास्त टिकतो, आणि भिजलेल्या धान्यात तर कधी कधी काही दिवसही. त्याला कोरडी जागा आणि ऊन सोसत नाही. साताऱ्या-सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे आणखी काही असो वा नसो, ऊन भरपूर असतं.

हा रोग किती नुकसान करू शकतो ते ब्रिटनने भोगलं आहे. तिथे बागेत पक्ष्यांना दाणे घालण्याची मोठी परंपरा आहे. २००५ साली तिथल्या ग्रीनफिंच नावाच्या हिरव्या, चिमणीएवढ्या पक्ष्यांत हा रोग पहिल्यांदा दिसला आणि पुढच्याच वर्षी साथ फोफावली. ग्रेट ब्रिटनमधली त्यांची संख्या सुमारे ४३ लाखांवरून २००९ पर्यंत २८ लाखांवर आली. म्हणजे दर तीन पक्ष्यांमागे एकापेक्षा जास्त गेला. स्थलांतर करणाऱ्या पाखरांबरोबर रोग २००८ साली स्कँडिनेव्हियात पोचला. घरोघर दिसणारा हा पक्षी २०२१ साली ब्रिटनच्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेला. अभ्यासकांचा अंदाज असा की हा परजीवी पारव्यांच्या कुळातून, दाण्यापाण्याच्या एकाच भांड्यावरून या लहान पक्ष्यांत शिरला. संशय असलेल्या पक्ष्यांत एक आपल्या चांगल्या ओळखीचा आहे, पठाणी होला. आपल्या माळांवर बारमाही दिसणारा हा होला पश्चिमेकडे पसरत गेला आणि १९५५ साली ब्रिटनमध्ये त्याने पहिल्यांदा घरटं केलं.

तिथल्या पक्षी संरक्षण संस्थेने, आरएसपीबीने, २०२५ च्या सुरुवातीला दाणे घालायच्या सपाट तबकांची विक्रीच थांबवली. सपाट तबकात पाखरं उभी राहतात, तिथेच खातात, तिथेच घाण करतात, आणि चोचीतून पडलेला दाणा तिथेच राहतो. आपलं मातीचं परळ नेमकं तसंच आहे, सपाट आणि उघडं. शिवाय माती सच्छिद्र, त्यामुळे ओल धरून ठेवते. परळं वाटणाऱ्या प्रत्येकाने यावर थांबून विचार करावा असं आम्हाला मनापासून वाटतं.

मॉरिशसचं उदाहरण आणखी जिव्हारी लागतं. पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबं राहत आलेल्या त्या बेटावरचा गुलाबी पारवा १९९० च्या सुमारास रानात जेमतेम दहाच्या आसपास उरला होता. माणसांनी जिवापाड जपून त्याची संख्या पुन्हा शेकड्यांत नेली. तरीही घरट्यातली पिल्लं मरत राहिली आणि त्यामागचं एक मोठं कारण हाच परजीवी निघाला. आपला राज्यपक्षी हरियालही पारव्यांच्याच कुळातला आहे, हे इथे सांगितलं पाहिजे.

आणखी एक जीव यात अडकतो. साताऱ्याच्या चार भिंतींच्या उतारावर, सांगली-मिरजेच्या मोठ्या झाडांवर शिक्रा असतो. तो होल्यांचीही शिकार करतो. ज्या होल्याला उडता येत नाही, तोच त्याच्या तावडीत आधी सापडतो, आणि होल्याच्या घशातला परजीवी शिक्र्याच्या पिल्लांच्या घशात जातो. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या टुसान शहरात १९९० च्या दशकात नेमकं हेच झालं. शिक्र्याचा जवळचा भाऊबंद असलेला कूपर्स हॉक तिथे शहरात वस्तीला आला होता, कारण शहरात होले-पारवे मुबलक. घरट्यात मेलेल्या त्याच्या पिल्लांपैकी बहुतेक या रोगाने मेली. घुबडांनाही तो होतो. घाणेरड्या परळातून निघालेला रोग शिकारी पक्ष्यांच्या घरट्यापर्यंत असा चढत जातो.

तेव्हा करायचं काय? प्रत्येक घरी एकाऐवजी दोन लहान भांडी ठेवा. एक आज पाण्याचं, दुसरं आज उन्हात पालथं. उद्या अदलाबदल. रोज सकाळी जुनं पाणी झाडाच्या आळ्यात ओता, काथ्याने किंवा जुन्या ब्रशने भांडं आतून-बाहेरून खसखसून घासा, कडा आणि तळ विसरू नका, तांब्याभर पाण्याने खळबळून ते कडक उन्हात ठेवा. गच्चीवर पापड-कुरडयांचं वाळवण घातलेलं असेल तर त्यापासून दूर, दुसऱ्या कोपऱ्यात. हा ब्रश फक्त याच कामाला ठेवा. स्वयंपाकाच्या भांड्यांच्या सिंकमध्ये हे भांडं नेऊ नका, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा. हा रोग माणसाला होत नाही, पण पाखरांच्या विष्ठेतून साल्मोनेलासारखे इतर जंतू येऊ शकतात. आठवड्यातून एकदा नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीचचं द्रावण घेऊन भांडं काही मिनिटं भिजवा, मग भरपूर पाण्याने धुऊन वास जाईपर्यंत वाळवा. ब्लीच कधीही अ‍ॅसिडमध्ये किंवा संडास साफ करायच्या द्रावणात मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

मातीच्या भांड्याचा मोह सुटत असेल तर काचेची, चिनीमातीची किंवा स्टीलची उथळ ताटली घ्या. ती लवकर घासली जाते आणि लवकर वाळते. स्टीलची असेल तर सावलीत ठेवा, नाहीतर पाणी तापून पाखरांची चोच पोळेल. पारवे जिथे बसतात त्या वळचणीखाली, एसीच्या डब्याखाली भांडं ठेवू नका, वरून विष्ठा थेट त्यात पडते.

टँकरवर जगणाऱ्या वस्त्यांना आम्ही रोज बादलीभर पाणी सांडायला सांगत नाही. तिथे भांडं कोरडंच काथ्याने घासा, दिवसभर उन्हात वाळवा आणि दुसरं वापरा. जनावरांच्या हाळातून पाखरं पाणी पितात, तो हाळ आठवड्याला एकदा रिकामा करून खरवडा. आरोग्य खातं डेंग्यूसाठी आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं, त्याच दिवशी हेही होऊन जाईल. पण परळ आणि ताटल्यांना आठवड्याचा हिशेब लागू नाही, तिथे रोजच.

दाण्यांचं थोडक्यात सांगतो. ओंजळभर ज्वारी, बाजरी किंवा कणी, दुपारपर्यंत संपेल एवढीच. उरलं ते झाडून घ्या. एकाच जागी ढीग घालण्यापेक्षा जागा बदलत विखरून टाका. वळवाची सर येऊन गेली की भिजलेले दाणे त्याच तासात गोळा करा, कारण भिजलेला दाणा हाच या रोगाचा सर्वात मोठा आसरा. पावसाळ्यात दाणे घालणं बंदच ठेवलेलं बरं. तेव्हा रानात किडे आणि बी-बियाणं आपोआप मिळतं. शेव, खारी, पावाचे तुकडे कधीच नकोत.

घाटांवर, देवळांच्या आवारात, बाजार समितीच्या शेडखाली पोत्यांनी धान्य ओतणाऱ्यांना आमची खास विनंती आहे. मुंबईत २०२५ च्या ऑगस्टमध्ये महापालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, त्यावर मोठा वाद झाला आणि प्रकरण उच्च न्यायालयातही गाजलं. तो वाद माणसांच्या फुप्फुसांचा होता. आमचा मुद्दा पाखरांच्या स्वतःच्या जिवाचा आहे. एका चौकात शेकडो पारवे दिवसभर एकाच ओल्या फरशीवर खातात, तेव्हा त्यातल्या प्रत्येकाच्या चोचीतला दाणा दुसऱ्याच्या चोचीत जातो. दान करायचंच असेल तर त्याच पैशातून गावात वड, पिंपळ, उंबर लावा, चार उन्हाळे जगवा. हरियालला लागणारी फळं त्यांवर येतात.

आता आजारी किंवा मेलेलं पाखरू दिसलं तर. एकही आजारी होला किंवा चिमणी वर सांगितल्यासारखी दिसली, तर तिथलं दाणापाणी त्याच दिवशी उचला आणि किमान दोन आठवडे बंद ठेवा. पाखरं पांगू द्या. दया म्हणून त्याच जागी आणखी पाणी ठेवणं म्हणजे रोगाला हातभार. शेजाऱ्यांनाही सांगा, नाहीतर पाखरं तुमच्या गच्चीवरून त्यांच्या गच्चीवर जातील आणि रोगही जाईल. आजारी पाखराला घरी आणून कोंडू नका, वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. मेलेलं पाखरू उघड्या हाताने उचलू नका, हातावर प्लॅस्टिकची पिशवी उलटी चढवून उचला. त्याआधी मोबाइलवर चोचीचा आणि गळ्याचा जवळून फोटो घ्या, जागा आणि वेळ लिहून ठेवा. एकाच ठिकाणी बरीच पाखरं, विशेषतः कावळे किंवा कोंबड्या मेलेल्या दिसल्या, तर कशालाही हात न लावता ताबडतोब पशुसंवर्धन खात्याला १९६२ वर कळवा. बर्ड फ्लू हा वेगळा आणि माणसालाही धोक्याचा रोग आहे. २००६ साली नवापूरला आणि २०२१ साली परभणीच्या मुरुंब्याला तो आला होता. लांबून पाहून कोणता रोग ते आपल्याला सांगता येणार नाही, आणि सांगायचा प्रयत्नही करू नये.

पशुवैद्यकांना एक विनंती. हा परजीवी पक्षी मेल्यावर फार काळ जिवंत राहत नाही, त्यामुळे शिळ्या नमुन्यात तो सापडत नाही. मृत पाखरू बर्फाच्या डब्यात, पण गोठवल्याशिवाय, तातडीने तपासणीला गेलं पाहिजे. शिरवळला आपलं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्याच्या औंधमध्ये राज्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे. तालुक्याच्या दवाखान्यात आलेला होला नुसता होला म्हणून परत पाठवू नका. ज्यांच्या नावाने ते महाविद्यालय आहे त्या नाना पाटलांना या दोन्ही जिल्ह्यांनी आपलं मानलं. पाखरांच्या या कामातही सातारा आणि सांगली असा भेद नको.

ढाबळीवाल्यांनी तर सर्वात जास्त दक्ष राहायला हवं. नवीन आणलेलं कबुतर थेट ढाबळीत सोडू नका, काही आठवडे वेगळं ठेवा आणि घसा तपासून घ्या. एक आजारी निघालं तर सगळ्यांवर एकदम उपचार करावे लागतात, आणि मेट्रोनिडॅझोल किंवा रोनिडॅझोल किती, किती दिवस, हे पशुवैद्यकानेच ठरवायचं असतं. आजारी कबुतर उडवून देऊन आपली सुटका करून घेणं हा गुन्हाच समजावा. कोणीही, कितीही चांगल्या हेतूने, गच्चीवरच्या पाण्यात गोळ्या विरघळवू नयेत. कोणी किती प्यालं याचा हिशेब राहत नाही, अर्धवट औषधाने परजीवी औषधाला दाद देईनासा होतो, आणि रोग नसलेल्या पाखरांच्या पोटात विनाकारण औषध जातं.

पारव्यांचा तिरस्कार करा असं आम्ही मुळीच म्हणत नाही. घरटी उचकटणं, विष घालणं, गलोल मारणं हे अमानुष आहे आणि त्याने रोग थांबतही नाही. गर्दी आणि घाण कमी झाली की रोग आपोआप मागे हटतो.

दोन्ही जिल्ह्यांतल्या नगरपालिका, सांगली-मिरज-कुपवाड महापालिका, शाळा आणि मंडळं यांना विनंती आहे की यंदा परळं वाटाल तेव्हा प्रत्येक घराला एकाच्या जागी दोन द्या, सोबत काथ्याचा एक गुंडा द्या, आणि घेणाऱ्याकडून रोज घासण्याचा शब्द घ्या. वाटलेल्या परळांची संख्या वर्तमानपत्रात छापून येते, महिन्याभराने त्यातली किती स्वच्छ आहेत हे पाहायलाही कोणीतरी जा. मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह राज्यभर साजरा होतो. त्यात निबंध आणि चित्रं असतातच, यंदा प्रत्येक शाळेने एक तास मुलांच्या हाती ब्रश देऊन भांडी घासण्याचा ठेवावा. सातवीतल्या मुलीने हे एकदा केलं की घरात आजीपासून बापापर्यंत सगळ्यांना ती ते करायला लावील.

हे वाचून झालं की आधी गच्चीवर जा. तिथलं परळ उचला, तळाला बोट लावून पाहा. बोट बुळबुळीत लागलं तर ते पाणी आत्ताच ओता, भांडं घासा आणि संध्याकाळपर्यंत उन्हात पालथं ठेवा. उद्या सकाळी दुसरं भांडं भरा. आणि हे आवाहन शेजारच्या ज्या घराच्या गॅलरीत परळ दिसतं, त्या घरी आजच नेऊन द्या.